अण्णा, करंट गळत नाही

अण्णा, अर्थिंगच्या तारेतून वीज गळत नाही. तुम्ही गेलात म्हणून मी हे मागे घेणार नाही. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात, पण त्याच्या चुकीला चूक म्हणू नये असं कुणी सांगितलेलं मला तरी ठाऊक नाही. तुम्ही असता तर तुम्हीच म्हणाला असता, “मेलो म्हनून काय शाना झालो व्हय रं मी? बोल की.”

तर बोलतो. काल तुमचा दहावा झाला. आज राहुरीतलं माझं पाण्याच्या मोटारी दुरुस्तीचं दुकान बंद आहे. टेबलावर एक जळालेली मोटार उघडी पडली आहे आणि तिच्याशेजारी वही ठेवून मी हे लिहितोय. काल नदीवर लोक तुमच्याबद्दल चांगलं चांगलं बोलत होते. मळा कसा उभा केला, बैल कसे राखले, मोट कशी हाकायचे. सगळं खरं आहे. पण तुम्ही किती हट्टी होता हे एकानंही सांगितलं नाही, त्यामुळे ते भलत्याच कुणाबद्दल बोलताहेत असं मला वाटत राहिलं.

दोन वर्षांपूर्वी तुमच्या वस्तीपर्यंत विजेचे खांब आले आणि मोट सोडून मोटार घ्यायचं ठरलं. ठरलं म्हणजे तुमच्या मुलानं, विठ्ठलनं ठरवलं आणि तुम्ही ‘बघू’ म्हणालात. ती बसवायला मी आलो. उन्हातून तासभर सायकल मारत, मागे अवजारांची पेटी बांधून. मी कुठल्या घरातला हे विठ्ठलनं तुम्हाला आधीच सांगितलं होतं. आमच्या घरानं धर्म बदलला त्याला तेव्हा पंधरा वर्षं होत आली होती, पण कामाला जायचो त्या मळ्यांवर मला ओंजळ धरायला लावून वरून पाणी ओतणारे लोक अजून भेटायचे. मोटारीला माझा हात लागलेला चालायचा, तांब्याला नाही. सवयीनं मी ओंजळ पुढे केली. तुम्ही ओंजळीकडे बघितलंत, माझ्याकडे बघितलंत आणि तांब्या सरळ माझ्या हातात दिलात. “धर की. का मी पाजू तुला?” एवढंच म्हणालात. त्या दिवशी मी तुमचा झालो, आणि दिवस मावळायच्या आत आपलं पहिलं भांडण झालं.

भांडण खड्ड्यावरून. विहिरीच्या काठावर पत्र्याची खोली होती, तिच्या भिंतीवर मी मोटार चालू-बंद करायचा, स्टार्टरचा लोखंडी डबा ठोकला. खोलीच्या मागे पुरुषभर खोल खड्डा घेतला, तळाला जाड पत्रा पुरला, त्याला तार जोडली आणि वर कोळसा नि खडेमीठ यांचे थर द्यायला लागलो. मिठाचं पोतं उघडलेलं बघून तुम्ही बांधावरून ओरडत आलात.

“आरं ए मिस्तरी! माज्या रानात मीठ पेरतो का काय?”

मी समजावून सांगितलं. मोटारीत कुठं बिघाड झाला तर वीज लोखंडावर येते. मग ज्याचा हात लागेल त्याच्या अंगातून ती जमिनीत जाते. माणसाच्या अंगातून जायच्या आधीच तिला ही दुसरी वाट करून द्यायची. मीठ-कोळसा ओल धरतात आणि ओलीतून ती झटकन जाते. तुम्ही डोळे बारीक करून, मान हलवत सगळं ऐकलंत. मला वाटलं, पटलं. मग तुम्ही म्हणालात, “म्हंजी विजंला जमिनीत जायाला वाट. आनि वाट चोवीस तास उघडी. मंग मोटारीला काय ऱ्हातंय?”

तुमची विजेबद्दलची सगळी विद्या पाण्याची होती, अण्णा. चाळीस वर्षं तुम्ही पाणी वर काढलं होतं. कुठंतरी पाणी मुरतंय असं लोक नुसतं म्हणतात, तुम्ही ते कुठं मुरतंय ते अनवाणी पावलानं शोधून दाखवायचात आणि पाटातलं उंदराचं बीळ चिखलानं बुजवून पुढं जायचात. त्या माणसाला मी सांगत होतो की जमिनीत तार पुरली आहे, पण तिच्यातून एरवी काहीच वाहत नाही, वेळ आली तरच वाहील. “उंदराच्या बिळाला कळतं व्हय,” तुम्ही विचारलंत, “कवा गळायचं नि कवा न्हाई?” मला उत्तर येत होतं. आयटीआयत आकृती काढून शिकलो होतो. पण तुमच्या बिळापुढं माझी आकृती टिकली नाही.

त्यानंतर दर पंधरा दिवसांनी मी काहीतरी निमित्त काढून वस्तीवर यायचो. मोटारीचा आवाज ऐकून जातो म्हणायचो, आणि खरं म्हणजे भांडायला यायचो. चंद्रावर माणूस गेला हे तुम्ही एका दमात मान्य केलंत आणि मग विचारलंत की अमावस्येला ती माणसं कुठं बसत्यात. मी हसून हसून लोळलो. तुम्ही हसला नाहीत. तुम्हाला खरंच काळजी वाटत होती त्यांची.

आणि ते सेल. तुमच्या ट्रान्झिस्टरचे सेल संपले तेव्हा तुम्ही ते घराच्या धाब्यावर, वहिनींच्या कुरडयांच्या ओळीत वाळत घातलेत. वहिनी म्हणजे कौसल्यावहिनी, तुमची सून. त्याही पदर तोंडाला लावून हसत होत्या. मी म्हणालो, “अण्णा, सेल म्हणजे कुरडई नव्हे. संपला तो संपला.” दिवस मावळताना तुम्ही ते सेल घातलेत आणि अर्धा तास भजन वाजलं. तुम्ही बोटानं ताल धरून माझ्याकडं बघत बसलात. मी म्हणालो, “हा शेवटचा आचका आहे.” पुढं चार-सहा महिन्यांनी एका सेल विकणाऱ्यानंच मला सांगितलं की ऊब लागली की मरगळलेला सेल थोडा जागा होतो. म्हणजे तुमचं बरोबर होतं. मी तुम्हाला ते सांगितलं नाही. येऊन सांगू, असं म्हणत राहिलो, आणि आलो की दुसराच वाद काढायचो. तासाचाच तर रस्ता होता, अण्णा. सांगायला पाहिजे होतं.

मग पावसानं तोंड फिरवलं. एक पावसाळा कोरडा गेला आणि गेल्या थंडीपासून पंचक्रोशीतल्या विहिरी एकेक करून तळ दाखवायला लागल्या. तुमच्या विहिरीला तेवढा झरा टिकला. मोटार दिवसाला वीस मिनिटं चालायची आणि तेवढ्या पाण्यावर आसपासची पंधरा-सोळा घरं जगायची. विठ्ठल दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचा, म्हणून मोटार चालू-बंद करायचं काम वहिनींकडं आलं. शिमग्याच्या सुमारास मी आलो तेव्हा वहिनी म्हणाल्या, “भाऊ, डब्याला हात लावला की मुंग्या येत्यात हाताला.”

मी लगेच मोटार तपासली. मोटार मुळात जुनीच घेतलेली होती, आतून थोडी वीज लोखंडावर येत होती. आतली तांब्याच्या तारेची वळेटं बदलायला मोटार आठ दिवस दुकानात न्यावी लागली असती, आणि आठ दिवस सोळा घरांनी काय प्यायचं? तोवर सगळा भरवसा त्या खड्ड्यावर. आणि खड्डा बघितला तर माती भेगाळलेली, कोळसा कोरडा ठणठणीत. ओल नाही तर अर्थिंग नाही. मी तुम्हाला म्हणालो, “अण्णा, आठवड्याला दोन घागरी पाणी या खड्ड्यात पडलंच पाहिजे.”

तुम्ही माझ्याकडं असं बघितलंत की मी तुमच्या घरात चोरी करायला सांगितली. “पानी? खड्ड्यात? आरं, वासराला पुरंना झालंय. आनि तुजी वीज गळावी म्हनून पानी वतू?” वहिनींच्या मुंग्यांचं सांगितलं तर म्हणालात, “करंट जोमात हाय म्हनून येत्यात. दुभत्या गाईच्या लाथा गोड.”

मला तिथंच थांबायला हवं होतं. वहिनींना सांगून कोरडी लाकडी फळी पायाखाली घालून दिली असती आणि दोन दिवसांनी पुन्हा आलो असतो. पण पाण्याला आलेल्या बायका रांगेत उभ्या होत्या, चार पुरुष होते, आणि मला जिंकायचं होतं. मी म्हणालो, दाखवतोच सगळ्यांना.

माझ्या पेटीत एक बल्ब असतो, होल्डरला दोन वायरी लावलेला. एक वायर विजेच्या तारेला लावायची, दुसरी अर्थिंगच्या तारेला. अर्थिंग चांगलं असेल तर बल्ब लख्ख पेटतो. मी लावला. आतली तार नुसती लाल झाली. “बघा,” मी म्हणालो, “जमीन कोरडी आहे म्हणून बल्ब मेलाय.” मग रांगेतली पहिली भरलेली घागर उचलली आणि कुणाला काही कळायच्या आत खड्ड्यात पालथी केली. ती घागर भामाबाईंची होती. म्हातारी सकाळपासून बसली होती. तिच्या तोंडून नुसता ‘आगं बया’ एवढाच आवाज आला. मी तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. थोडा वेळ मुरू दिलं आणि बल्ब पुन्हा लावला. तो लख्ख पेटला. मी विजयानं तुमच्याकडं वळलो.

तुम्ही दोन्ही हात वर केलेत. “बघा! डोळ्यांनी बघा समद्यांनी! पानी वतलं तसा करंट जमिनीत पळाया लागला! मी काय म्हनत हुतो?”

आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. अण्णा, आज लिहिताना मला हसू येतंय. इतकं रीतसर मला कुणी हरवलं नव्हतं, तेही माझ्याच बल्बनं. पण तेव्हा डोळ्यापुढं लाल झालं. मी ओरडलो, “अंगठेबहाद्दर माणसाला करंट काय कळणार! उद्या सून डब्याला चिकटून मेली म्हणजे कळेल!”

वहिनी तिथंच उभ्या होत्या, हात ओला, पदर खोचलेला. तुम्हाला लिहिता येत नाही याची तुम्हाला केवढी लाज होती हे मला माहीत होतं. मोटारीच्या कागदावर अंगठा देताना तुम्ही मला पाठमोरं व्हायला लावलं होतंत. मी नेमकं तिथंच मारलं. रांगेतला एकजण म्हणाला, “शेवटी गेली का जात यांची?” तुम्ही गर्रकन वळलात. “तू मधी तोंड घालू नगं. भांडान माजं नि त्याचं हाय.” तुमच्या हाताशी जातीचा तोच दगड होता, सगळ्यांत सोपा. दोन वर्षांच्या भांडणात तुम्ही तो एकदाही उचलला नाहीत, आणि त्या दिवशी दुसऱ्यानं उचलला तर त्याच्या हातून पाडलात.

मग तुम्ही घरातली घागर आणून भामाबाईंच्या रिकाम्या घागरीत ओतलीत. पटक्याच्या शेवानं तोंड पुसलंत. मला म्हणालात, “चहा घिऊन जा.”

मी न घेता गेलो.

अडीच महिने मी आलो नाही. रोज सकाळी दुकानाची फळी काढताना वहिनींचा ओला हात डोळ्यापुढं यायचा. कुणी अनोळखी माणूस सायकलवरून घाईनं येताना दिसला तर हातातलं काम टाकून मी दारात यायचो. तरी माझी सायकल तुमच्या वाटेला वळली नाही. मधे विठ्ठल दुकानावर आला होता. म्हणाला, “अण्णा इचारत हुते, मिस्तरी मेला का जित्ता हाय.” हे तुमचं बोलावणं होतं, मला का कळलं नाही? पण मी म्हणालो, “सांग, कामात आहे.” मी चुकलो होतो हे मला समजत होतं, आणि माझं बरोबर आहे हेही समजत होतं. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी घेऊन तुमच्या दारात कसं उभं राहायचं, ते आयटीआयत शिकवत नाहीत.

वैशाखात तुम्हाला ताप आला आणि चार दिवसांत तुम्ही गेलात. मला निरोप दुसऱ्या दिवशी मिळाला. तिसऱ्या दिवशी मी आलो तोवर राख सावडून लोक परतले होते. ओसरीवर तुमच्या जागी पणती तेवत होती. मी विठ्ठलशेजारी टेकलो. थोड्या वेळानं वहिनी बाहेर आल्या आणि म्हणाल्या, “भाऊ, तेवढं मोटारीकडं चला.”

मी घाबरत घाबरत मागं गेलो. पत्र्याच्या खोलीमागं, खड्ड्याच्या बरोबर वर, न्हाणीचा दगड होता. तोच चौकोनी काळा दगड, जो घराच्या परसात असायचा.

“हा इथं कसा?” मी विचारलं.

“तुमी गेला त्याच्या दुसऱ्याच दिवशी,” वहिनी म्हणाल्या. “मामांनी नि ह्यांनी पहारीनं हालवत आनला. मामा रोज इथंच बसून आंगूळ करायचे. तांब्या-दोन तांब्याची का हुईना, पर इथंच. मला बी सांगितलं, हात धुतल्यालं, भाजी धुतल्यालं पानी इथंच टाकायचं. खरकटं तेवढं न्हाई. म्हनायचे, तिथं मीठ हाय, मिठावर खरकटं टाकू नये.”

“म्हणजे पटलं होतं त्यांना?”

वहिनींना त्या तीन दिवसांत पहिल्यांदा हसू आलं असावं. “पटतंय कशाचं! मी इचारलं की, मामा, करंट गळतो म्हनता नि पानी बी घालता? तर म्हनले, गळतोच. मिस्तरी चुकतोय. पर त्याचा जीव तुटत हुता गं पोरी तुज्यासाठी, मी बघितलं. माज्या आंगुळीच्या पान्यानं त्याच्या जिवाला बरं वाटत असंल तर वाटू दे. वीज काय, गळंल थोडी.”

मी त्या दगडावर हात टेकला. ओला होता. वैशाखातल्या भर उन्हात, तुम्ही जाऊन तीन दिवस झाल्यावर, त्याच्या कडेची माती काळी नि ओली होती. मी वहिनींकडं बघितलं.

“शेवटची आंगूळ बी इथंच घाला म्हनले हुते,” त्या म्हणाल्या. “आमी म्हनलं, घागरभर पान्यात उरकू. तर सोळा घरांनी कळश्या आनल्या. प्यायच्या पान्यातल्या. नगं नगं म्हनत हुतो तरी. भामाबाईंनी पयली वतली.”

अण्णा, मी तिथंच बसलो आणि रडलो. शिकलेला माणूस मी. तुम्हाला पटवण्यासाठी दोन वर्षं बोललो आणि म्हातारीची घागर सांडली. तुम्हाला काडीचंही पटलं नव्हतं, आणि तुम्ही रोज तिथं जाऊन बसलात. पटलं म्हणून तर कुणीही करतं.

“मुंग्या येतात का आता?” मी विचारलं.

“न्हाई. कवाच गेल्या.”

तरी माझं काम मी करायला हवं होतं. पेटीतून तो बल्ब काढला. एक वायर तारेला, दुसरी अर्थिंगला. बल्ब असा पेटला की उन्हातसुद्धा डोळे मिटावे लागले. इतक्या मोटारी बसवल्या, पण इतकं चांगलं अर्थिंग मी आजवर बघितलेलं नाही. काल दहाव्याहून परतताना वहिनींनी सांगितलं, विठ्ठल आता तिथंच आंघोळ करतो. पाऊस पडला, विहीर भरली की मोटार दुकानात आणून तिची वळेटं मी स्वतः भरून देणार आहे. तोवर माझं त्या दगडावर लक्ष राहील.

पण त्या दिवशीचं एक सांगायचं राहिलं. बल्ब हातात धरून मी उभा होतो. वहिनी जवळ आल्या, बल्बकडं बघितलं, मग खाली दगडाकडं.

“चाललाय का करंट जमिनीत?” त्यांनी विचारलं.

“व्हय वहिनी,” मी म्हणालो. “अण्णांचंच खरं.”

तुम्ही ऐकायला नव्हता म्हणून म्हणालो. तुम्ही समोर असता तर मी मेलो असतो तरी म्हणालो नसतो, आणि त्याचंच मला फार वाईट वाटतं.